सुरांचे शोधक : कुमार गंधर्व

बेळगावपासून काही कोसांवर सुळेभावी नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी दिनांक ८ एप्रिल १९२४ रोजी एका कानडी भाषिक लिंगायत कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. आईबापांनी त्याचे नाव शिवपुत्र असे ठेवले. वडील सिद्धरामय्या कोमकळी यांना गाण्याचा मोठा नाद होता व ते स्वतःही गात असत. बेळगाव, धारवाड, मिरज, कोल्हापूर हा सारा मुलूखच त्या काळी गाण्याने भारलेला होता. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत, मोठमोठ्या गवयांच्या बैठकी रंगत आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषांची पदे लोकांच्या ओठांवर असत. अशा या वातावरणात शिवपुत्र वाढू लागला. हाच मुलगा पुढे कुमार गंधर्व या नावाने साऱ्या भारतात प्रसिद्ध झाला.

त्या वेळी आकाशवाणी खेडोपाडी पोचलेली नव्हती. गाणे घरी ऐकावयाचे तर ग्रामोफोन हेच एक साधन होते. लाखेची काळी तबकडी यंत्रावर फिरू लागली म्हणजे कर्ण्यातून गवयाचा आवाज बाहेर पडे. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्या अवधीत मोठे गवई आपल्या गायकीचे सारे सार ओतीत. शिवपुत्र या तबकड्या कान देऊन ऐके आणि ऐकलेले गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवी. सूर तर जुळतच. परंतु गवयाची ताना घेण्याची ढब, शब्द टाकण्याची लकब, आवाजाचा पोत, हे सारे तो लहान मुलगा हुबेहूब उचलीत असे. ऐकणारे लोक थक्क होऊन जात. एवढ्याशा कंठात अनेक गवयांचे गाणे सामावले आहे असे पाहून लिंगायत समाजाच्या एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली. गंधर्व हे देवांच्या सभेतील गायक होत. पुढे ही पदवीच त्याचे नाव होऊन बसली आणि मूळचे नाव मागे पडले.

वडील या मुलाला बरोबर घेऊन गावोगाव त्याचे कार्यक्रम करू लागले. सन १९३६ साली मुंबईस जिना हॉलमध्ये एक संगीत परिषद भरली होती. तीत या अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे गाणे झाले. सभागृहात नामवंत गवई, वादक आणि जाणकार श्रोते बसलेले होते. गाणे संपताच सर्वत्र आनंदाचा गजर झाला. अनेकांनी त्याला जवळ घेऊन शाबासकी दिली व बक्षिसे दिली. एका दिवसात कुमारचे नाव मुंबईभर झाले.

एवढे यश पदरी पडल्यावर दुसरा एखादा मुलगा तेथेच थांबला असता. वडिलांनीही कार्यक्रमांच्या उत्पन्नावर समाधान मानले असते तर त्यात नवल नव्हते. परंतु येथे एक प्रश्न होता. कुमार जे गात होता ते कोणाचे गाणे होते? आज या गवयाचे, उद्या त्या गवयाचे. त्यात त्याचे स्वतःचे असे काय होते? पोपट माणसासारखा बोलतो, म्हणून त्याला भाषा आली असे कोणी म्हणत नाही. नक्कल कितीही चांगली साधली तरी ती विद्या नव्हे. ही विद्या मिळावी म्हणून वडिलांनी कुमारला मुंबईस प्राध्यापक बी. आर. देवधर यांच्या हाती सोपविले.

देवधर हे थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. ऑपेरा हाऊसजवळ त्यांनी संगीताची शाळा चालविली होती. त्या काळी गाण्याची निरनिराळी घराणी होती. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर अशी त्यांची नावे होत. एका घराण्याचा शागीर्द सहसा दुसऱ्या घराण्याच्या वाटेस जात नसे, आणि घराण्यातील चिजा बाहेरच्यास शिकविण्यास पुष्कळ उस्ताद नाखूश असत. देवधर मास्तरांची वृत्ती मात्र निराळी होती. चांगले ते कोठलेही असो, ते घ्यावे, असा त्यांचा बाणा होता. त्यांच्या शाळेत सर्व घराण्यांच्या गवयांची ऊठबस असे. पाश्चात्त्य संगीताचा व कंठसाधनेच्या शास्त्राचाही त्यांनी अभ्यास केला होता. अशा गुरूच्या घरी कुमारचे शिक्षण सुरू झाले. राग म्हणजे काय, त्याचे स्वर कोणते, एकच स्वर दोन रागांत निराळा का भासतो, हे तो एकेक करून शिकू लागला. पुढे विख्यात गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्याला विद्या मिळाली. तंबोरा बारकाईने जुळविण्याचे वेड त्याला याच काळात लागले, आणि ते जन्मभर टिकले.

तंबोऱ्याला चार तारा असतात. मधल्या दोन तारा षड्जात, शेवटची जाड तार खालच्या षड्जात आणि पहिली तार बहुधा पंचमात किंवा मध्यमात लावतात. तारा ज्या घोडीवर टेकलेल्या असतात, तिच्यावर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवितात. हा धागा नेमक्या जागी बसला म्हणजे तारेचा आवाज खुलतो. याला जवारी म्हणतात. तंबोरा उत्तम जुळला म्हणजे एक चमत्कार घडतो. गांधार या स्वरात एकही तार लावलेली नसताना तो गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. याचे कारण असे, की कोणत्याही तारेच्या नादात मूळ स्वराबरोबर दुसरे सूक्ष्म स्वर दडलेले असतात. तार नीट जुळली म्हणजे ते प्रकट होतात. आपल्या महाराष्ट्रात मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. त्यांचे कारागीर मोठ्या भोपळ्यांपासून हे वाद्य घडवितात. कुमार गंधर्व मैफलीपूर्वी कितीतरी वेळ तंबोरे जुळवीत बसत. पाया कच्चा असेल तर वरची इमारत सरळ उभी राहत नाही. त्याचप्रमाणे तंबोरा बेसूर असेल तर गाणे सुरेल होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

सन १९४७ उजाडले. देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी देवधरांच्या शाळेतील गुणी गायिका भानुमती कंस यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. वय अवघे तेवीस वर्षांचे, देशभर कीर्ती, गुरूचा आशीर्वाद आणि समानशील पत्नी. सुखाला काही उणे नव्हते. परंतु याच सुमारास त्यांना खोकला व ताप येऊ लागला आणि प्रकृती झपाट्याने खालावली. वैद्यकीय तपासणीत त्यांना फुप्फुसाचा क्षय झाल्याचे आढळून आले.

आज क्षयावर खात्रीची औषधे आहेत आणि नियमाने औषध घेणारा रोगी बरा होतो. त्या काळी तशी स्थिती नव्हती. क्षय झाला म्हणजे माणसाने जगण्याची आशा सोडावी, असे लोक समजत. गवयाला तर हा रोग म्हणजे दुहेरी घाला होता. गाणे श्वासावर चालते आणि श्वास फुप्फुसांवर. डॉक्टरांनी कुमारांना गाण्यास सक्त मनाई केली. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेच्या ठिकाणी जावे असाही सल्ला मिळाला. त्याप्रमाणे पतीपत्नींनी मुंबई सोडली आणि माळव्यातील देवास या गावी ती दोघे राहावयास गेली. ते देवासला पोचले तो दिवस होता ३० जानेवारी १९४८. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीस महात्मा गांधींची हत्या झाली. सारा देश शोकात बुडाला असता, हे तरुण जोडपे परक्या गावी आपले दुःख घेऊन उतरले होते.

देवास हे इंदूरजवळचे गाव. मराठ्यांच्या सत्तेचा विस्तार झाला तेव्हा अठराव्या शतकात पवार घराण्यातील दोघा भावांनी येथे आपले राज्य स्थापिले. पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. त्यामुळे गावात मराठी कुटुंबे पुष्कळ होती. गावाशेजारी देवीची टेकडी आहे. तिच्या पायथ्याच्या बाजूस पुढे कुमारांनी आपले घर बांधले. परंतु आरंभीची वर्षे अत्यंत कष्टाची होती. कुमार अंथरुणाला खिळलेले, मिळकत काही नाही आणि औषधोपचाराचा खर्च मोठा. अशा वेळी भानुमतीबाईंनी कंबर कसली. त्या स्वतः चांगल्या गायिका होत्या. परंतु गाणे बाजूस ठेवून त्यांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. दिवसा नोकरी करावी आणि उरलेला वेळ पतीची शुश्रूषा करावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. कुमार पुन्हा गाऊ शकले, यात औषधाइतकाच या माउलीच्या कष्टांचा वाटा आहे.

पाच-सहा वर्षे कुमारांच्या मुखातून गाणे निघाले नाही. ज्या मुलाने लहानपणापासून सुरांखेरीज दुसरे काही जाणले नव्हते, त्याला तोंड मिटून पडून राहावे लागले. ही शिक्षा केवढी कठीण असेल याची कल्पना करावी. पण गळा बंद झाला तरी कान उघडे होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते ऐकू लागले. पहाटे चिमण्यांची चिवचिव ऐकू येई. माळव्याच्या उघड्या माळावरून वारा घोंगावत येई. दारावरून गात जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांचे सूर कानी पडत. कोणा घरी लग्न असले की स्त्रियांची गाणी रात्रभर चालत. मूल जन्मले तरी गाणे, पाऊस आला तरी गाणे, देवीची यात्रा निघाली तरी गाणे. पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात आणि तिच्यापुढे गाणी म्हणतात. आपल्याकडे भोंडल्याची किंवा भुलाबाईची गाणी असतात, तशीच ही गाणी होत.

ही गाणी म्हणणाऱ्या स्त्रियांपैकी कोणीही गवयाकडे शिकलेली नव्हती. त्यांना रागाचे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या चाली अवघ्या चार-पाच स्वरांत फिरत. तरीही त्या चालींत असे काही होते की ऐकणाराचे मन हलून जाई. कुमार विचार करू लागले. हे सूर या बायांना कोणी शिकविले? आपण ज्या रागांचा एवढा अभिमान बाळगतो, ते राग तरी प्रथम कोठून आले?

या प्रश्नाचे उत्तर रागांच्या नावांतही थोडेसे सापडते. मुलतानी, जौनपुरी, पहाडी, सोरठ, गुर्जरी तोडी, बंगाल भैरव ही नावे पाहा. यांतील प्रत्येक नावात एकेक प्रांत, गाव किंवा मुलूख दडलेला आहे. कानडा या रागाच्या नावात तर कुमारांची जन्मभूमी कर्नाटकच आहे. प्राचीन ग्रंथकारांनाही हे माहीत होते. मतंग मुनींच्या संगीतावरील ग्रंथाचे नाव बृहद्देशी असे आहे. निरनिराळ्या देशांत लोक आपापल्या आवडीने जे गातात ते देशी संगीत होय. आपल्या मराठवाड्यातील देवगिरी येथे यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर हा थोर ग्रंथ लिहिला. त्यातही देशी संगीताला मानाचे स्थान आहे. लोकांच्या गळ्यातील चाली हा झरा आणि राग ही त्यातून वाढलेली नदी होय. नदी मोठी झाली म्हणजे लोक तिचे घाट पाहतात, पूल पाहतात. उगमाकडे मात्र कोणी जात नाही. कुमार गंधर्वांनी उगमाकडे जाण्याचे ठरविले.

त्यांनी माळव्यातील लोकगीते गोळा करण्यास आरंभ केला. भानुमतीबाई त्यांना या कामी मदत करीत. गीताचे शब्द उतरून घ्यावयाचे, त्याची चाल स्वरलिपीत लिहावयाची, ते कोण म्हणते, कोणत्या प्रसंगी म्हणते याची माहिती घ्यावयाची, असे हे काम होते. मग ते एकेक चाल घेऊन तिचा विचार करीत. या चालीत कोणता स्वर वारंवार येतो? कोठे थांबल्याने गोडवा वाढतो? हिला पंख फुटले तर ती कोठवर जाईल? अशा रीतीने काही चालींत त्यांना नव्या रागांची बीजे सापडली. त्यांची वाढ करून त्यांनी नवे राग सिद्ध केले. लोकधुनांतून उगवलेले, म्हणून त्यांना त्यांनी धुनउगम राग असे नाव दिले. मालवती, संजारी, मधसुरजा, लगनगंधार, अहिमोहिनी, सहेली तोडी ही त्यांनी निर्माण केलेल्या रागांपैकी काहींची नावे होत. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी गांधी मल्हार हा राग रचला.

इकडे वैद्यकशास्त्रही पुढे जात होते. सन १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला होता. क्षयावर गुणकारी ठरलेले ते पहिलेच प्रतिजैविक होय. काही वर्षांनी ते भारतात मिळू लागले. कुमारांना ते देण्यात आले आणि हळूहळू रोग हटला. तथापि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. सन १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गावयास बसले. श्रोत्यांच्या मनात धाकधूक असेल, यात नवल नाही. जो एका फुप्फुसावर जगतो तो गाणार कसा?

कुमार गायले, पण हे गाणे पूर्वीचे नव्हते. लांबच लांब श्वासाच्या ताना घेणे आता त्यांना अवघड होते. म्हणून त्यांनी लहान लहान स्वरवाक्ये रचली. एक स्वरवाक्य गाऊन ते थांबत. तो थांबण्याचा क्षणही गाण्याचाच भाग होई. कारण तंबोरा तेवढ्यात तोच सूर पुढे चालवीत असे. कधी ते अगदी हलक्या आवाजात गात, तर कधी एखादा स्वर बाणासारखा नेमका फेकीत. शरीरातील उणीव त्यांनी लपविली नाही; तिच्यातूनच त्यांनी नवी गायकी घडविली. आणि हे गाणे आता कोणाचीही नक्कल नव्हती. लहानपणी ज्याच्या गळ्यात अनेकांचे आवाज होते, त्याला मौनाच्या वर्षांत स्वतःचा आवाज सापडला होता.

ही नवी गायकी सर्वांनाच रुचली असे मात्र नाही. घराण्यांचे अभिमानी पंडित नाराज झाले. यांचे घराणे कोणते, असे ते विचारीत. यांनी परंपरा मोडली, असा आरोप करीत. रागाचे शुद्ध रूप यांच्या गाण्यात राहत नाही, असेही काही जाणकारांचे मत होते. कुमारांनी या टीकेला भांडून उत्तर दिले नाही आणि आपली वाटही सोडली नाही. त्यांनी जुन्या बंदिशींचा सखोल अभ्यास केला व त्या मोठ्या प्रेमाने गायल्या. त्याबरोबरच शेकडो श्रोत्यांसमोर नवे प्रयोगही मांडले. परंपरा त्यांनी टाकली नाही. तिचे मूळ खणून पाहिले. सन १९६५ मध्ये त्यांच्या स्वतःच्या बंदिशींचा अनूपरागविलास हा ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध झाला. तो स्वरलिपीसह असल्याने ज्याला वाटेल त्याने त्या बंदिशी शिकाव्या, तपासाव्या, अशी मोकळीक त्यांनी सर्वांस दिली.

दरम्यान त्यांच्यावर आणखी एक आघात झाला. सन १९६१ मध्ये भानुमतीबाईंचा प्रसूतीच्या वेळी अंत झाला. जिने आपले गाणे बाजूस सारून पतीचे गाणे वाचविले, तिला त्या गाण्याच्या भर बहराचे दिवस फार काळ पाहावयास मिळाले नाहीत. देवासच्या घराचे भानुकुल हे नाव त्यांची आठवण जतन करते. पुढे देवधरांच्याच शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. वसुंधराताईंनी संसाराप्रमाणेच मैफलीतही त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. त्यांचे पुत्र मुकुल आणि कन्या कलापिनी यांनीही गायनाची परंपरा पुढे चालविली.

कुमारांच्या प्रयोगांचे क्षेत्र फार मोठे होते. गीतवर्षा, गीतहेमंत व गीतवसंत या कार्यक्रमांत त्यांनी एकेका ऋतूचे संगीत गुंफले. पावसाळ्याच्या कार्यक्रमात एकीकडे मल्हाराचे प्रकार, तर दुसरीकडे खेड्यातील पावसाची गाणी, अशी त्यांची मांडणी असे. माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी केला. खेड्यातील बायांची गाणी शहरातील सभागृहात मानाने गाइली गेली. मराठी रंगभूमीचे थोर गायक-नट बालगंधर्व यांच्या गायकीवर त्यांनी मला उमजलेले बालगंधर्व हा कार्यक्रम रचला. तीत बालगंधर्वांची नक्कल नव्हती. त्या गाण्याचे मर्म काय, ते समजून घेऊन आपल्या गळ्याने मांडावे, असा तो प्रयत्न होता. कवी भा. रा. तांबे यांच्या कवितांनाही त्यांनी स्वरसाज चढविला. तुकाराम, सूरदास, मीरा, तुलसीदास या संतांची पदे त्यांनी गायली. मातृभाषा कानडी, शिक्षण मराठी मुलखात आणि वास्तव्य माळव्यात. पण या तिन्ही ठिकाणचे लोक त्यांना आपले मानीत, कारण त्यांनी तिन्ही ठिकाणची गाणी आपली मानली होती.

त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे निर्गुणी भजने. संत कबीर पंधराव्या शतकात काशीस होऊन गेले. त्यांची पदे माळव्यातील शेतकरी, विणकर, बैरागी एकतारीवर पिढ्यान् पिढ्या गात आले आहेत. देवास येथे नाथपंथी योगी शीलनाथ यांची धुनी आहे. तेथे येणाऱ्या साधूंच्या तोंडची भजने कुमारांनी ऐकली. त्या साधूंना श्रोत्यांच्या टाळ्या नको होत्या. एकान्तात, उघड्या आभाळाखाली, स्वतःशीच गाणाराचा सूर कसा असतो हे कुमारांनी त्यांच्याकडून जाणून घेतले. ती भजने ते मैफलीत गाऊ लागले तेव्हा श्रोते निःशब्द होऊन ऐकत. जी पदे पूर्वी भिक्षेकऱ्यांची म्हणून दुर्लक्षिली जात, ती देशातील मोठमोठ्या सभागृहांत आदराने ऐकली जाऊ लागली. संतांचे पद मुलूख ओलांडून जाते, हे आपल्या मराठी लोकांस नवे नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्या नामदेवांची पदे दूर पंजाबात शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आदराने समाविष्ट झाली आहेत.

भारत सरकारने कुमार गंधर्वांना सन १९७७ मध्ये पद्मभूषण आणि सन १९९० मध्ये पद्मविभूषण हे किताब देऊन त्यांचा गौरव केला. ज्यांनी पूर्वी टीका केली होती त्यांतील अनेकांनी पुढे त्यांची थोरवी मान्य केली. दिनांक १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. क्षयाने ज्यांचे आयुष्य तेविसाव्या वर्षीच संपवू पाहिले होते, ते एका फुप्फुसाच्या बळावर पुढे चाळीस वर्षे गात राहिले.

कुमार गंधर्वांना कंठ लाभला होता, हे खरे. परंतु केवळ कंठामुळे ते मोठे झाले नाहीत. तो कंठ बंद पडला असता त्यांनी ऐकण्याची विद्या साधली, म्हणून ते मोठे झाले. त्यांनी ज्या गाण्यांतून एवढे धन मिळविले, तशी गाणी केवळ माळव्यातच होती असे नाही. नर्सीच्या परिसरातील पुसेगाव घ्या किंवा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही गाव घ्या. जात्यावरच्या ओव्या, वासुदेवाची गाणी, गोंधळ्यांचे संबळ, भजनी मंडळाचे टाळमृदंग ही आपली ठेव आहे. घरोघरची जाती आता थांबली आहेत, आणि ओव्या येणाऱ्या आज्या दिवसेंदिवस कमी होत आहेत. ज्या घरात अशी आजी अजून आहे, त्या घरातील मुलाने तिच्याजवळ बसावे, तिची ओवी लक्ष देऊन ऐकावी आणि शब्द व चाल दोन्ही जपून ठेवावी. देवासच्या अंथरुणावर पडलेल्या त्या तरुण गवयाने आपल्या कार्याचा आरंभ याच मार्गाने केला होता.